अनंतापासून अकरा मीटरपर्यंत

पुण्यात दुर्बीण बाळगणाऱ्या माणसाचं वर्ष फार तर पाच महिन्यांचं. जून ते सप्टेंबर ढग. ऑक्टोबरात आकाश धुऊन निघतं, तेवढ्यात दिवाळीचा धूर. मग थंडी पडते; तिच्यातल्या निम्म्या रात्री चांदण्यात जातात आणि उरलेले शनिवार-रविवार लग्नांत. गच्चीवरून पाहायचं तर चंद्र, गुरू, शनी, मृगातला तेजोमेघ आणि काही जोडतारे. त्यापलीकडचं काही हवं असेल तर शहराचा उजेड मागे पडेपर्यंत गाडी हाकायची. ज्योतिर्विद्या परिसंस्था इथे १९४४ सालापासून आहे, हौशी खगोलप्रेमींची ती देशातली सर्वांत जुनी संस्था. १९८८पासून आयुका ही खगोलसंशोधन संस्था आहे. त्यामुळे आकाशाच्या नादी लागलेली माणसं या शहरात भरपूर, आणि त्याच प्रमाणात कपाटावर चढवून ठेवलेल्या दुर्बिणीही.

माझी कपाटावर नव्हती, दिवाणात होती. ८० मिलिमीटर व्यासाची, भिंगांची, ६०० मिलिमीटर नाभीय अंतराची. दोन भिंगांपैकी एक ईडी काचेचं आहे. (हल्ली हे नाव घेतलं की खोलीत शांतता पसरते, ही काच बिचारी फक्त रंगांना फाकू देत नाही.) ताऱ्यांच्या दुनियेत ही दुर्बीण लहानच म्हणायची. पण मागे कॅमेरा लावला की तीच ६०० मिलिमीटरची एफ ७.५ लेन्स होते (एफचा आकडा म्हणजे नाभीय अंतर भागिले व्यास), आणि ६०० मिलिमीटरची एफ ४ लेन्स दुकानात विचारायला गेलं तर आकडा दहा लाखांच्या पुढेच सुरू होतो. हा हिशेब मांडून मी पक्ष्यांकडे वळले असं सांगता आलं असतं तर बरं दिसलं असतं. खरं कारण शेवगा.

आमच्या गॅलरीसमोर शेजारच्या बंगल्याचा शेवगा आहे. त्याच्या शेंगा आमच्या आमटीत येतात, फुलं मात्र शिंजिरांची. थंडी सरता सरता झाड पांढरट फुलांनी भरतं आणि जांभळा शिंजीर उजाडल्यापासून त्यावर मालकी सांगत ओरडत बसतो. साध्या डोळ्यांना तो काळा ठिपका. ऊन अंगावर पडलं की क्षणभर निळा, मान वळवली की जांभळा, आणि पुन्हा काळा. रात्री गुरू पाहून दुर्बीण गॅलरीतच राहिली होती. सकाळी सहज ती फांदीकडे वळवली तर नेत्रिकेत, म्हणजे डोळा लावायच्या भिंगात, नुसतं हिरवं धुकं. फोकसरचा स्क्रू फिरवत राहिले, नळी बाहेर येत राहिली, येतच राहिली, आणि आता संपली असं वाटत असताना त्या धुक्यातून एक बाकदार चोच बाहेर पडली. चोचीवर पिवळे परागकण होते. ते दिसले आणि त्या दिवशी ऑफिसला उशीर झाला.

अनंतावरच्या वस्तूची प्रतिमा या भिंगामागे ६०० मिलिमीटरवर पडते. वस्तू जवळ आली की प्रतिमा मागे सरकते. किती, याचं शाळेतलंच सूत्र आहे, पण ते या नळीला लावून पाहिलं तेव्हा मला जरा हसू आलं. चंद्र सुमारे ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर. तिथून निघून एक किलोमीटरवरच्या झाडापर्यंत यायला नळी ०.३६ मिलिमीटर सरकवावी लागते. बस. आणि त्या झाडावरून शेवग्याच्या फांदीपर्यंत यायला ३४ मिलिमीटर. सहा मीटरवर यायचं तर ६६. आकाशासाठी घडवलेल्या या यंत्राच्या लेखी चंद्र, मंगळ, व्याध आणि टेकडीवरचा मोबाइल टॉवर एकाच ठिकाणी आहेत. अंतर म्हणावं असं काही सुरू होतं ते घराजवळ आल्यावर.

नळीवर मिलिमीटरच्या खुणा असतात. त्यांवरून उलट गणित करून फांदीचं अंतर काढलं, तर अकरा मीटर भरलं.

आकाश पाहणाऱ्यांना एक खोड असते. ते आकार सेंटिमीटरमध्ये सांगत नाहीत, कोनात सांगतात. हात लांब केला की करंगळी एक अंशाची, चंद्र अर्ध्या अंशाचा. शिंजीर चोचीपासून शेपटीपर्यंत दहा सेंटिमीटर. दहा सेंटिमीटर अकरा मीटरवरून पाहिले की अर्धा अंश. म्हणजे आमच्या गॅलरीतून शिंजीर आणि पौर्णिमेचा चंद्र एका मापाचे आहेत. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर दोघांचीही प्रतिमा साडेपाच मिलिमीटरच्या आसपास भरते. हे कळल्यापासून मी पक्ष्यांना चंद्रात मोजते. दहा मीटरवरचा दयाळ दोन चंद्रांचा. नदीपलीकडचा बगळा अर्ध्या चंद्राचा, म्हणजे फोटो काढायच्या लायकीचा नाही, नुसता बघायचा.

कॅमेरा जोडणं सोपं आहे. नेत्रिका काढायची, तिच्या जागी टी-रिंग नावाची जोडकडी लावून कॅमेऱ्याची नुसती बॉडी बसवायची. मग कळतं की नेत्रिकेबरोबर डायगोनलही (प्रकाश काटकोनात वळवणारा तुकडा) काढल्यामुळे प्रकाशाच्या वाटेत बोटभर पोकळी राहिली आहे आणि आता तर चंद्रसुद्धा फोकस होत नाही. त्यासाठी एक्स्टेन्शन ट्यूब. शिंजिरासाठी आणखी एक. एवढ्या लांब बाहेर आलेल्या नळीच्या टोकाला कॅमेरा लटकला की नळी किंचित झुकते, म्हणून फोकसरचा कुलूप-स्क्रू आवळायचा. तो आवळला की फोकस केसभर सरकतो. हा केसभराचा अंदाज धरून आधीच थोडं अलीकडे थांबायला हाताला शिकवावं लागतं.

बाकी लेन्सकडून ज्याची आपल्याला सवय झालेली असते ते इथे काहीच नाही. ऑटोफोकस नाही. हाताचा कंप खाऊन टाकणारी यंत्रणा नाही. फोटोच्या माहितीत नाभीय अंतराच्या जागी शून्य. अ‍ॅपर्चरची कडी नाही, त्यामुळे एफ ७.५ ते एफ ७.५. अकरा मीटरवर या मापात जेमतेम आठ-दहा सेंटिमीटर जागा रेखीव दिसते. शिंजीर माझ्याकडे तोंड करून बसला तर चोच रेखीव आणि शेपूट वाफेत. यावर जुना खगोली उपाय आहे. लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्याला ६० मिलिमीटरचं भोक पाडून तो भिंगाच्या तोंडावर बसवला की एफ १० होतं. प्रकाश कमी होतो, पण रेखीव दिसणारी जागा थोडी वाढते आणि कडांना उरलासुरला जांभळा रंगही जातो. हा जांभळा रंग कुठे दिसतो हे पाहायचं असेल तर काळ्या पाण्यावरचा पांढरा बगळा शोधावा. साध्या भिंगाच्या दुर्बिणीतून त्याच्या भोवती निळं-जांभळं वलय येतं, शुक्राभोवती येतं तसंच आणि त्याच कारणानं: निळा प्रकाश आणि लाल प्रकाश एकाच बिंदूवर जमायला तयार नसतात. ईडी काच त्यांची बरीचशी समजूत काढते. आरशांच्या दुर्बिणीत हे वलय नसतंच. पण तिथे मधोमध दुसरा आरसा उभा असतो, त्यामुळे मागच्या पानांवरचा प्रत्येक दवबिंदू फोटोत मेदूवडा होऊन येतो. एका स्नेह्यांचे फोटो तसे आहेत. त्यांना ते आवडतात. मला नाही.

नेत्रिकेला मोबाइल टेकवून फोटो काढणारेही खूप आहेत. डिजिटल कॅमेरा नेत्रिकेला लावायची ही युक्ती रुळवण्यात मलेशियातले पक्षीनिरीक्षक लॉरेन्स पो यांचा मोठा वाटा. त्यांनी ती १९९९मध्ये हाती घेतली. झटपट नोंदीसाठी ती उत्तम. पण पिसं मोजायची असतील तर मधली भिंगं जितकी कमी तितकं बरं, असं माझं मत झालं आहे.

आणि पिसं खरंच मोजता येतात. ८० मिलिमीटरच्या भिंगाला सिद्धांतानुसार दीड विकलेइतका (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) बारीक कोन वेगळा दाखवता येतो. अकरा मीटरवर एवढा कोन म्हणजे एक-दशांश मिलिमीटरपेक्षाही कमी. शिंजिराच्या मानेवरचं एकेक पीस, त्याच्या कडेचे तंतू, आणि कुठे निळा संपून जांभळा सुरू होतो ती रेघ, हे सगळं त्यात येतं. त्या पिसांत निळं रंगद्रव्य नसतं. असतो तो काळाच रंग, पण इतक्या पातळ थरांत रचलेला, की त्यांवरून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळून निळा होतो. कोन बदलला की हिशेब बदलतो. एकाच फांदीवर, एकाच मिनिटात काढलेल्या दोन फोटोंत पक्षी दोन रंगांचा निघतो, आणि दोन्ही खरे असतात.

गॅलरीबाहेर पडल्यावर पहिली अडचण येते ती लोकांची. तीन पायांवर पांढरी नळी उभी केली आणि तिला एक माणूस डोळा लावून बसला, की पुणे जिल्ह्यात त्याचा एकच अर्थ होतो. कवडीपाटला, सोलापूर रस्त्यानं हडपसर मागे टाकल्यावर मुळा-मुठेच्या काठी, उजाडता उजाडता मी मांडामांड करत होते. एक वयस्क शेतकरी सायकल थांबवून बराच वेळ पाहत राहिले.

"मोजणी आली काय, ताई?"

"नाही मामा, पक्षी बघतेय."

त्यांनी नळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा नळीकडे. "मागं एक जण असंच म्हणला. नुसतं बघतोय म्हणला. म्हैन्यानं खुणंचे दगड आले."

रिंगरोड, नदीकाठ, टाउनशिप: या पट्ट्यात तीन पायांच्या यंत्रानं कुणाचं भलं केल्याची आठवण नाही. मी कॅमेरा काढला, डायगोनल आणि नेत्रिका चढवली आणि म्हटलं, बघा तुम्हीच. समोर एक शेकाट्या लांब लाल पायांनी पाणी तुडवत चालला होता. मामा वाकले. डोळा लावला. मग डोळा काढून पाण्याकडे पाहिलं, परत लावला.

"ह्यो तिकडं चाललाय, अन् ह्यात हिकडं कसा?"

डायगोनलमध्ये आरसा असतो, त्यानं डावं-उजवं बदलतं, आकाशात त्यानं काही बिघडत नाही म्हणून कुणी पर्वा करत नाही, असं मी सांगितलं. मामांनी थोडा विचार केला. चेहरा सैल झाला.

"मंग ह्याच्यात मोजणी नाय व्हायची," म्हणाले, आणि सायकलवर टांग टाकून निघाले.

कॅमेऱ्यात मात्र चित्र सुलटं येतं. प्रत्येक लेन्स उलटीच प्रतिमा पाडते आणि कॅमेरा ती सुलटी वाचतो. दुर्बीणही त्याला आणखी एक लेन्सच. डोळा लावणाऱ्यालाच तेवढा गोंधळ. चौकट इतकी अरुंद असते की पक्षी सापडणंच मुश्कील, त्यात तो डावीकडे गेला की हात उजवीकडे वळवायचा. म्हणून मी ताऱ्यांसाठी असतो तो लाल ठिपक्याचा शोधक वर बसवते: दोन्ही डोळे उघडे ठेवायचे, ठिपका पक्ष्यावर आणायचा, पक्षी चौकटीत असतो. सूर्योदयाच्या वेळी मात्र नळी पूर्वेकडे वळवताना थांबून विचार करायचा. बिनफिल्टरच्या दुर्बिणीत सूर्य आला तर डोळा कायमचा जातो, आणि कॅमेरा असेल तर सेन्सर.

त्या अरुंद चौकटीबद्दल मला आणखी काही म्हणायचं आहे. दहा मीटरवर माझी चौकट ३९ सेंटिमीटर बाय २६ सेंटिमीटरची असते. वर्तमानपत्राचं अर्धं पान. कवडीच्या नदीत ३९ बाय २६ची स्वच्छ जागा शोधली तर सापडते. तेवढ्यात धोबी उभा असतो, पिवळ्या पोटाचा, शेपूट हलवत. मागे सोनेरी पाणी. सोनेरी पाणी म्हणजे उन्हात उजळलेला फेस. चौकटीच्या डाव्या हाताला गुटख्याची पाकिटं, उजव्या हाताला जलपर्णीत अडकलेलं निर्माल्य आणि त्याच्यासकट प्लास्टिकची पिशवी, आणि वास तर कुठल्याच फोटोत येत नाही. कवडीच्या फोटोंवर "पुण्याजवळचा स्वर्ग" असं लिहिलेलं मी वाचलं आहे. लिहिणारा खोटं बोलत नसतो. त्याची लेन्स लांब असते. पक्ष्यांनाही त्या पाण्याबद्दल आपल्यासारखी तक्रार नाही, हे आणखी अवघड. शहराचा मैला आहे म्हणून अळ्या-किडे आहेत, किडे आहेत म्हणून शेकाटे आहेत. तरी नदी तशीच ठेवा असं कुणी म्हणणार नाही, आणि तिला सिमेंटचे काठ बांधा असंही मी म्हणणार नाही. उथळ काठ गेला की हे लांब पायांचे लोक उभे कुठे राहणार? मी आता मनासारखा फोटो मिळाला की त्याच जागेवरून मोबाइलनं एक रुंद फोटो काढते आणि दोन्ही एकाच फोल्डरमध्ये ठेवते. पाहुण्यांना दोन्ही दाखवते. पाहुण्यांना ते आवडत नाही.

भिगवणला याच्या नेमकं उलट. पुण्यापासून शंभरेक किलोमीटरवर, उजनीचं पाणी, नजर पोचेल तिथवर मोकळं. रोहितांचा, म्हणजे फ्लेमिंगोंचा, थवा पाण्यात उभा असतो आणि काठावरून कुणालाही वाटतं की अशाच जागेसाठी तर दुर्बीण आहे. होडीत तिचा उपयोग शून्य, ट्रायपॉड डुलतो, म्हणून काठावरून. चारशे मीटरवरच्या रोहिताची पिसं सिद्धांतानुसार सहज वेगळी दिसायला हवीत. प्रत्यक्षात दिसतो तो उकळत्या चहाच्या वाफेतून पाहावा तसा गुलाबी आकार, मान कधी सरळ, कधी तीन ठिकाणी मोडलेली. फोकस कितीही फिरवा. दोष काचेचा नाही. ऊन तापायला लागलं की जमिनीलगतची हवा गरम-थंड थरांची होते, प्रत्येक थर प्रकाश वेगळा वाकवतो, आणि थर जागेवर राहत नाहीत. तारे लुकलुकतात ते याच कारणानं. खगोलातल्या लोकांना ही हवा चांगली ओळखीची आहे. आयुकानं आपली २ मीटरची दुर्बीण शहरात न ठेवता ८० किलोमीटरवर गिरवलीच्या डोंगरावर नेली ती अंधारासाठी आणि हवेसाठीही. आणि तिथे तर सरळ वर बघायचं असतं. आडव्या रेषेत, पाण्या-मातीला घासून पाहणाऱ्याच्या वाट्याला याच्या कितीतरी पट वाईट हवा येते.

ग्रहांचे फोटो काढणारे यावर एक तोड काढतात: व्हिडिओ घ्यायचा, त्यातल्या हजारो चौकटींपैकी हवा क्षणभर थांबली असतानाच्या निवडायच्या आणि एकावर एक रचायच्या. गुरू त्यासाठी शांत बसतो. रोहित मान हलवतो. फार तर एका दमात पंचवीस-तीस फोटो घ्यायचे आणि त्यातला एक ठेवायचा. खरा उपाय म्हणजे सूर्य वर यायच्या आत काम संपवून पोहे खायला जाणं.

त्याच लोहमार्गानं भिगवणच्या पुढे गेलं की जेऊर स्टेशन लागतं. २२ जानेवारी १८९८च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधले, म्हणजे आजच्या सीओईपीमधले, प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला आपली उपकरणं घेऊन तिथे गेले होते. खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची. त्यांच्या हाताखाली पुण्यात महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा होती, आणि तिथली २० इंची ग्रब दुर्बीण त्या काळी देशातली सर्वांत मोठी. १९१२मध्ये वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. भिगवणच्या काठावर ट्रायपॉडचे पाय चिखलात रुतवताना मला दर वेळी जेऊर आठवतं. जड सामान, लांबचा प्रवास, आणि समोरच्यानं "पुन्हा एकदा दाखवतो" असं म्हणण्याची अजिबात शक्यता नाही.

मोठी लेन्स घेतली की लांबचा पक्षी मिळेल, हे गणित दुकानात पटतं, पाण्याकाठी फसतं. दुर्बीण अंतर कमी करत नाही, कोन मोठा करते. मधली हवा आहे तितकीच राहते, उलट तीही मोठी होऊन दिसते. म्हणून माझे बरे म्हणावेत असे सगळे फोटो वीस मीटरच्या आतले आहेत, आणि निम्म्याहून जास्त त्या शेवग्यावरचे. जवळचा पक्षी आणखी मोठा करण्यासाठी दुर्बीण वापरायची. लांबच्या पक्ष्यासाठी नेत्रिका लावून नुसतं बघायचं. हे मी सांगते तेव्हा लोक विचारतात, मग जवळच जायचं तर साधी लेन्स काय वाईट? वाईट काही नाही. पण साध्या लेन्सनं तोच फोटो घ्यायला अकरा मीटरवरून पाच मीटरवर जावं लागतं, आणि ते मधले सहा मीटर पक्ष्याच्या मालकीचे असतात.

ते सहा मीटर सिंहगडाच्या पायथ्याला उन्हाळ्यात रोज मोडले जातात. ओढा आटतो, पक्षी उरलेल्या पाण्यावर येतात: स्वर्गीय नर्तक, निलंग, पावसाच्या तोंडावर नशिबात असेल तर नवरंग. आणि समोर खांद्याला खांदा लावून लेन्सची रांग. मी गेले होते त्या सकाळी एकानं मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावला. नर आला, आपल्या हद्दीत दुसरा कोण घुसला ते पाहायला आला, चोच वासून इकडून तिकडे फिरला, आणि रांगेतून शटरचा कडकडाट झाला. दुसऱ्या एकाला समोरची फांदी "जरा खाली" हवी होती. मी काही बोलले, त्यावर "मॅडम, तुमची दुर्बीण तुम्ही चंद्रावर लावा" असं उत्तर आलं. उत्तर वाईट नव्हतं, हे मान्य करावं लागेल. घरट्यांचे फोटो मी काढत नाही, तीस मीटरवरूनही नाही. ट्रायपॉड जिथे उभा राहतो तिथे मांजर आणि कावळा दोघेही लक्ष ठेवून असतात.

आता दुर्बिणीची बाजू किती घ्यायची यालाही मर्यादा आहे. उडत्या पक्ष्यासाठी ही वस्तू नाही. नदीसुरय पाण्यावर सूर मारतो तो क्षण या नळीनं पकडणं जवळजवळ अशक्य, आणि जमलं तर त्यात कौशल्यापेक्षा नशीब जास्त. हल्लीचे कॅमेरे पक्ष्याचा डोळा स्वतः शोधून त्यावर फोकस धरून ठेवतात. माझा भाचा चालत्या गाडीच्या खिडकीतून घार टिपतो आणि मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो, खाली हसरे चेहरे. पावसाळ्यात भिंगाला बुरशी लागू नये म्हणून सिलिका जेलच्या पुड्या बदलत बसावं लागतं. आणि सगळं सामान मिळून वजन इतकं होतं की ते पेलायला बरोबर कुणीतरी लागतं, आणि त्या कुणाला तरी पहाटे साडेचारला उठवावं लागतं. संसारात याचे हिशेब वेगळे चुकवावे लागतात.

चंद्र आणि पक्षी एका मापाचे, हे डोक्यात बसल्यावर पुढचं सुचायला हवं होतं, पण ते इतरांना फार आधी सुचलेलं आहे. १८८० साली प्रिन्स्टनच्या वेधशाळेत विल्यम स्कॉट यांनी दुर्बिणीतून चंद्र पाहताना त्याच्या बिंबावरून पक्षी जाताना पाहिले. बदकं, तुतारी, कितीतरी लहान पक्षी स्थलांतर रात्रीच करतात, आणि अंधारात ते दिसायला एवढा एकच उजळ पडदा उपलब्ध असतो. १९४०च्या दशकात लुइझियानातल्या जॉर्ज लोअरी यांनी याची रीतसर पद्धत बसवली: चंद्र म्हणजे घड्याळाची तबकडी समजायची, पक्षी किती वाजता आत आला आणि किती वाजता बाहेर पडला ते लिहायचं. म्हणजे कुठल्या आकड्यापाशी. त्यावरून दिशा निघते आणि एका तासात आकाशाच्या एका पट्ट्यातून किती पक्षी गेले याचा अंदाजही. ऑक्टोबर १९५२मध्ये त्यांनी अमेरिकाभर माणसं दुर्बिणींपाशी बसवून एकाच वेळी अशा नोंदी घेतल्या.

ऑक्टोबर, पौर्णिमा, रात्री जागायचं, गच्चीवर बसायचं. आपल्याकडे याला वेगळी परवानगी काढावी लागत नाही. कोजागिरीला आमच्या सोसायटीत दूध आटतं, अंताक्षरी होते, आणि अकराच्या पुढे मोठी माणसं पेंगायला लागली की मुलं मोकळी असतात. पाऊस परतलेला, उत्तरेकडचे पाहुणे यायला सुरुवात झालेली. मी दुर्बीण लावली, एक वही आखून दिली, पाळ्या लावल्या. सातवी-आठवीतल्या मुलांना घड्याळाची पद्धत एका वाक्यात कळली. डायगोनलमुळे तीन आणि नऊची अदलाबदल होणार हे त्यांच्यातल्या एकीनं मी सांगायच्या आधी ओळखलं. पहिली आरोळी उठली ती वटवाघळासाठी. दुसरी लोहगावला उतरणाऱ्या विमानासाठी, ज्यानं पूर्ण चंद्र थरथरवला. मग बराच वेळ काहीच नाही, दूध संपलं, दोघं झोपायला गेले. आणि मग खरोखर एक गेला: बारीक, काळा, पंख भराभर हलणारे, बिंबाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत दोन सेकंदांत. कोणता, ते सांगता येणार नाही. त्यावरून गच्चीत जे भांडण झालं, बदक की तुतारी की पुन्हा वटवाघूळच, ते साडेबारापर्यंत चाललं आणि वहीत तिन्ही मतं लिहिली गेली.

वही सकाळी लिफ्टजवळच्या टेबलावर राहिली होती. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू ती चष्मा वर करून वाचत उभ्या होत्या. मी दिसताच त्यांनी पानावर बोट ठेवलं. "'चारला आत, दहाला बाहेर.' अगं, सहा तास काय करत होता तो चंद्रावर?"